बहिणीने हक्क सोडावा असं वचन सांगतं का? (घर, कलमं आणि पौलाचं पत्र)

किनाऱ्यावरची

नमस्कार मंडळी. उपवासकाळ सुरू झालाय आणि एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडते. ख्रिस्ती सभासदांनी लिहावंच, पण इतरांनीही लिहा. भाऊबंदकी काही एका धर्माची नाही.

माझं माहेर वेंगुर्ल्याच्या बाजूला, सासर मालवणात. आई-बाबा दोघंही गेले. मृत्युपत्र नाही. मागे राहिलं ते चिऱ्याचं घर, हापूसची कलमं, डोंगरउतारावरचे काजू आणि थोडी भातजमीन. सातबारावर अजून बाबांचंच नाव आहे. थोरला दादा पहिल्यापासून गावात, बाग तोच बघतो. धाकटा मुंबईची नोकरी सोडून परत आलाय, त्याला घराच्या अर्ध्या भागात होमस्टे काढायचाय. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. माजघरात प्लायवूडची भिंत उभी राहिली, चुली दोन झाल्या. आल्तार, म्हणजे घरातली वेदी, मात्र मधल्या खोलीत, तो कोणाला हलवता आला नाही. म्हणून आता एकाच आल्तारासमोर एक कुटुंब सातला तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतं आणि ते आत गेलं की दुसरं बाहेर येतं.

गेल्या महिन्यात दोघांनीही, एकमेकांना न सांगता, मला हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला. दादाने पाठवला त्यात माझा हिस्सा दादाच्या नावे, धाकट्याने पाठवला त्यात धाकट्याच्या नावे. मी दोन्ही कागद तसेच ठेवले. मग एका बारशाला घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी सगळ्यांसमोर मला बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला सहावा अध्याय ऐकवला. भावाभावांनी न्यायालयात जाण्यापेक्षा अन्याय सोसावा, नुकसान होऊ द्यावं, असं पौल म्हणतो. "तू आमची शहाणी मुलगी, तुझं सासर भरलेलं आहे, तू सोड म्हणजे घरात शांती होईल," असं म्हणाले. खोलीतली सगळी माणसं माना हलवत होती.

मला जमिनीची हाव नाही, हे मनापासून सांगते. पण त्या दिवसापासून ते वचन गळ्यात अडकल्यासारखं झालंय. माझे दोन प्रश्न आहेत.

एक, ते वचन मला असं लागू होतं का? देवाच्या शब्दापुढे मी हिशेब मांडत बसलेय की तो शब्दच कोणीतरी माझ्याविरुद्ध वापरतंय?

दुसरा जास्त जवळचा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीपाशी दान आणलं असताना आठवलं, भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेवायचं, आधी जाऊन समेट करायचा. सही न केल्यामुळे आज दोन्ही भावांच्या मनात माझ्याविरुद्ध आहे. मग मी रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, कम्युनियन (प्रभूची भाकर) घ्यावं का?

काजूबोंडू

अगो बाय, आधी कागद वकिलाक दाखव, मगे सही कर. देवान डोळे वाचूक दिल्यान हत.

गडगा

मी थोरला भाऊ आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो. राग नसावा.

बाग राखणं म्हणजे काय ते मुंबई-पुण्याहून कळत नाही. मोहोर आला की फवारणी, अवेळी पाऊस पडला की परत फवारणी, वानरं, राखणदाराचा पगार, पेट्या, वाशीच्या दलालाचा हिशेब. आई-वडिलांची आजारपणं. रात्री दोन वाजता गाडी काढून कुडाळला नेणारा मीच होतो. मग एक दिवस सगळे समान वाटेकरी होतात. कायद्याने ते बरोबर असेल. पण न्याय एवढाच असतो का?

आणि वचनाचंच बोलायचं तर लूक १२ वाचा. गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. येशू काय म्हणाला? मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमलं? म्हणजे प्रभूने या भानगडीत हात घातला नाही. पुढे हावेपासून सांभाळा म्हणाला. बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या ३६ व्या अध्यायात तर स्पष्ट आहे की वारस मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावं, म्हणजे वतन दुसऱ्या वंशात जाणार नाही. जमीन घराण्यात राहावी, ही भावना बायबलमध्येही आहे. ती नुसती पुरुषांची लबाडी नव्हे.

ताईंनी सही करावी असं मी म्हणत नाही. पण राहिलेल्या भावाला लुबाडणारा ठरवण्याआधी त्याचे हात बघा.

रत्नांग्रीकर

आमच्याकडे मामाच्या घरी अगदी हेच. भाऊबीजेला ओवाळणी म्हणून साडी आणि साडीखाली कागद. आईने सही केली, पण पुढे माहेरी जाताना हॉटेलात उतरायला लागली. वाईट वाटायचं.

एक विचारतो. २००५ साली कायदा बदलला ना, मुलींना समान हक्क देणारा? मग यात प्रश्नच काय उरतो?

दस्तऐवज

@रत्नांग्रीकर, २००५ ची दुरुस्ती हिंदू वारसा कायद्यातली. ख्रिस्ती कुटुंबाला ती लागत नाही, त्यांना लागायची गरजही नाही. आपल्याकडच्या ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र केलं नसेल तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागतो, आणि त्यात मुलगा-मुलगी हा भेद मुळातच नाही. पत्नी हयात असेल तर तिला एक तृतीयांश, उरलेलं दोन तृतीयांश सगळ्या मुलांत सारखं. किनाऱ्यावरची यांच्या घरी आता आई-वडील दोघंही नाहीत, म्हणजे तिघांना सरळ एकेक तृतीयांश. लग्न झालं, हुंडा दिला, सासर श्रीमंत आहे, यातल्या कशानेही तो हिस्सा कमी होत नाही.

केरळात त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना वेगळ्या जुन्या कायद्यामुळे मुलाच्या हिश्शाच्या एक चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल तेवढंच मिळायचं. मेरी रॉय त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ मध्ये निकाल लागला की तिथेही १९२५ चाच कायदा लागू आहे. आपल्या किनाऱ्यावर ती लढाई कोणाला लढावी लागली नाही. हक्क होताच. फक्त तो सोडून द्यायची रीत पडली.

कामाच्या गोष्टी:

हक्कसोडपत्र नोंदणीकृत झालं की मागे फिरणं फार कठीण. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो. "सध्या सही कर, पुढे बघू" यावर विश्वास ठेवू नका. त्यात पुढे बघण्यासारखं काही नसतं.

वारसनोंद आधी करून घ्या, तिघांच्या नावाने. वारसनोंद म्हणजे वाटणी नव्हे, त्याने कोणाचं काही जात नाही. आणि फेरफार हा महसुली कागद आहे, त्यात नाव राहून गेलं म्हणून हक्क बुडत नाही. तरी नाव असलेलं बरं.

तिघांची संमती असेल तर न्यायालयात न जाता तहसीलदाराकडे जमीनवाटपाचा अर्ज करता येतो. संमती नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. समेटाचे प्रयत्नही तिथे होतात.

वचनाचं मला विचारू नका, ते जाणकार सांगतील.

काजूबोंडू

@दस्तऐवज, भाऊ, तुमची फी किती ती आधीच सांगा, नायतर आमकाच हक्कसोडपत्र करूक लागात! :)

वसईची वाट

बरीच वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतलेत, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

किनाऱ्यावरची, तुम्हाला सातवी ओळ ऐकवली. आठवी ऐकवली का? सहावा अध्याय काढा. सातव्या ओळीत पौल विचारतो की त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही. लगेच आठव्या ओळीत म्हणतो की उलट तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच लुबाडता, आणि तेही आपल्या भावांना. म्हणजे तो अध्याय एका बाजूच्या दुबळ्या माणसाला गप्प बसवण्यासाठी लिहिलेला नाही. लुबाडणारा त्याच बाकावर बसलाय आणि पौल त्याच्याकडे बघून बोलतोय. त्याआधी पाचव्या ओळीत प्रश्न आहे, भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही का? म्हणजे पौलाला निवाडा हवाच आहे. तो परक्यांसमोर नको, घरच्या शहाण्या माणसासमोर हवा.

तुमच्या वडीलधाऱ्यांनी वचन सांगितलं, पण शहाण्या माणसाची जागा घेतली नाही. ती घेतली असती तर दोन्ही भावांना समोर बसवलं असतं.

अन्याय सोसण्याचं वचन माणूस स्वतःला लावू शकतो. मी माझा हक्क सोडीन, असं मी म्हणू शकते, आणि ते फार मोठं आहे. दुसऱ्याला मात्र "तू सोस" म्हणता येत नाही, ज्याला त्यातून फायदा आहे त्याला तर मुळीच नाही. येशूने दुसरा गाल पुढे करायला सांगितलं ते मार खाणाऱ्याला. मारणाऱ्याच्या हातात ते वाक्य गेलं की त्याचा अर्थच उलटतो.

अब्राहाम आणि लोटाची गोष्ट बघा, उत्पत्तीच्या १३ व्या अध्यायात. गुराख्यांत भांडणं झाली. अब्राहाम थोरला, काका, वचन त्याला मिळालेलं. तो पुतण्याला म्हणतो, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. निवड आधी धाकट्याला. हक्क ज्याच्या हातात होता त्याने तो सैल केला. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, जिच्या हातात काही नाही तिला आधी सोडायला सांगतात.

@गडगा, गणना ३६ तुम्ही आणलंत ते बरं केलंत, पण २७ आधी येतो. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेसमोर, याजकांसमोर, सगळ्या मंडळीसमोर दर्शनमंडपाच्या दाराशी उभ्या राहिल्या. आम्हाला भाऊ नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसलं जावं, असं विचारलं. मोशेने स्वतः उत्तर दिलं नाही, परमेश्वराला विचारलं. आणि परमेश्वर म्हणाला, त्या म्हणतात ते बरोबर आहे. ईयोबाच्या शेवटच्या अध्यायातही आहे, त्याने मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं. तिथे तर भाऊ हयात होते. हे सहसा प्रवचनात येत नाही.

पाखरू_निनावी

घरच्या गोष्टी अशा चव्हाट्यावर आणण्यापेक्षा प्रार्थना करावी. सूड घेणं माझं काम, असं प्रभू म्हणतो. त्याच्यावर सोडा.

किनाऱ्यावरची

@पाखरू_निनावी, प्रार्थना रोज चालू आहे. सूड कोणाला हवाय? मला माझ्या भावांच्या घरी जेवायचंय, दोघांच्याही.

@वसईची वाट, आठवी ओळ वाचली. परत परत वाचली. आज दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

मेर

बायबलातलं नीतिसूत्रे २२:२८. तुझ्या वाडवडिलांनी घातलेली मेर, म्हणजे शेताची हद्द, सरकवू नको. कोकणात प्रत्येक शेताच्या बांधावर हे लिहून ठेवायला हवं. आमच्याकडे दर पावसाळ्यानंतर मेर हातभर सरकते, आणि सरकवणारा रविवारी पहिल्या बाकावर असतो.

रत्नांग्रीकर

@मेर, देवळातही पहिल्या रांगेत तोच असतो. :)

@वसईची वाट, पाच मुलींची गोष्ट पहिल्यांदाच ऐकली. बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, दाराशी उभं राहायला पाचजणी एकत्र होत्या म्हणून जमलं.

गडगा

२७ वा अध्याय मान्य. ईयोबाचं मला माहीत नव्हतं.

पण माझा मुद्दा कोणी घेतला नाही. राबलेल्या माणसाचं काय? उधळ्या पुत्राच्या गोष्टीत, म्हणजे आपला वाटा उडवून परत आलेल्या धाकट्याला बाप मेजवानी देतो त्या येशूच्या दाखल्यात, सगळे बापाची माया सांगतात. थोरला शेतातून घरी येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो आणि दाराबाहेर उभा राहतो, त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. मी प्रत्येक वेळी तिथे अडकतो. इतकी वर्षं तुझी चाकरी केली, मला कधी करडूही दिलं नाहीस, हे तो म्हणतो ते खोटं आहे का?

रापणकर

गडगाभाऊ, तुमच्यासाठी लिहितोय. मी देवबागकडचा, आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या रापणीवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: होडीतून जाळं समुद्रात अर्धगोलात सोडत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर. मग दोन्हीकडे माणसं लागतात आणि ओढत आणतात. वाळूत टाचा रुतवून, पाठ मागे टाकून. तारली, बांगडे, पेडवे, जे येईल ते. होडी-जाळ्याचा वाटा वेगळा, ओढणाऱ्या माणसांचे वाटे वेगळे. पण दोर अर्ध्यावर आल्यावर कोणी म्हातारी, कोणी शाळेतलं पोर येऊन हात लावतं. त्यालाही मूठभर मासळी मिळतेच. त्याला कोणी विचारत नाही की तू किती वाजता आलास.

फादर द्राक्षमळ्याच्या कामकऱ्यांचा दाखला वाचतात, मत्तय २०, तेव्हा मला रापणच दिसते. सकाळपासून राबलेले कुरकुरतात की शेवटच्या तासाला आलेल्यांना आमच्याएवढंच कसं. मालक म्हणतो, तुझ्याशी ठरलं ते तुला दिलं, तुझ्यावर अन्याय केला नाही. लहानपणी मला तो मालक पटायचा नाही. पण एक लक्षात घ्या, त्या दाखल्यात राबलेल्याची मजुरी कोणी कापली नाही. त्याचा दिनार त्याला पुरा मिळाला.

म्हणून माझं म्हणणं असं की राबण्याचा वाटा वेगळा काढा आणि वतनाचा वेगळा. रापणीत जाळ्याचा वाटा आणि हाताचा वाटा आम्ही कधी एकत्र करत नाही. केला तर त्या दिवशी वाळूत मारामारी होईल. गडगाभाऊंनी बागेत जे घातलं, पैसा आणि कष्ट, त्याचा हिशेब व्हायलाच हवा. पण तो हिशेब बहिणीच्या जन्माच्या हक्कातून कापायचा नसतो. उधळ्या पुत्राचा बाप थोरल्याला म्हणतोच ना, माझं आहे ते सगळं तुझंच आहे. त्याने थोरल्याला नाकारलेलं नाही. बाहेर येऊन त्याची समजूत घालतोय.

वसईची वाट

रापणकर, हे माझ्या वर्गात सांगणार आहे. परवानगी असावी.

रापणकर

सांगा की. मासळीबंदीत यंदा आमच्याकडे या, १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावरच असतात, बोलायला वेळच वेळ. फक्त ताजे बांगडे मागू नका.

अंगणातली_पणती

मी सही केलेली बहीण आहे. वय झालं, आता लिहायला हरकत नाही.

माझ्यावर जबरदस्ती नव्हती. भावाची परिस्थिती खरंच ओढगस्तीची होती, मुलं लहान. मी स्वतः ठरवलं, नवऱ्याला विचारून. मात्र सही करताना एक मागितलं आणि लिहून घेतलं: पडवीजवळची खोली मी आहे तोवर माझी. मे महिन्यात मुलांना घेऊन हक्काने येईन. त्या खोलीत माझी पेटी, माझी खाट. भाऊ गेला, वहिनी गेली, आता भाचा राहतो, तरी खोली तशीच आहे. लादिनीला (सामुदायिक प्रार्थनेला) गावच्या क्रूसापाशी मी आजही माहेरची म्हणून उभी राहते.

माझ्या मैत्रिणीने तसं काही मागितलं नव्हतं. तिच्या भावाने पुढे जागा विकली. ती आता त्या रस्त्याने जात नाही.

सोडणं वाईट नाही गं. पण ते तुझं दान असायला हवं. दान देणाऱ्याला विचारून घेतात, त्याच्या खिशातून काढून घेत नाहीत. आणि तुला तर दोघे दोन बाजूंनी ओढताहेत, तू कोणालाही दिलंस तरी दुसऱ्याविरुद्ध दिल्यासारखं होणार. माझं तसं नव्हतं.

काजूबोंडू

आजी, तुमचा लिवणा वाचून डोळे भरान इले. खोलयेचा लिवन घेतलास ता लय बरा केलास.

दस्तऐवज

पणतीताईंनी शेवटी जे लिहिलं ते कायद्यानेही महत्त्वाचं आहे. एकाच भावाच्या नावे हिस्सा सोडला की त्याचे दोन तृतीयांश आणि दुसऱ्याचा एक. म्हणजे तुमची सही भांडणाचा निकाल लावते. तुम्ही त्यात पंच झालात, स्वतःला कळायच्या आत.

शुभवर्तमान_वाचक

मी रत्नागिरीचा, प्रॉटेस्टंट. कम्युनियनच्या प्रश्नावर आमच्याकडे पौलाचंच दुसरं वचन घेतात, पहिलं करिंथकर ११:२८: माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मगच त्या भाकरीतून खावं. परीक्षा स्वतःची करायची, भाऊ काय म्हणतो त्याची नव्हे.

आणि एक. वचन कोणी ऐकवलं की घरी येऊन अख्खा अध्याय स्वतः वाचावा, हे पंडिता रमाबाईंकडून शिकावं. इतरांनी केलेल्या भाषांतरावर न थांबता त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावला बसून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि १९२२ मध्ये गेल्या त्याआधी ते हातावेगळं केलं. बाईने वचन नुसतं ऐकायचं नसतं.

वसईची वाट

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते, तो मागे पडला. माझी समजूत सांगते. शेवटचा शब्द तुमच्या फादरांचा, कुमसाराला, म्हणजे पापकबुलीला, जाल तेव्हा त्यांना हे सगळं मोकळेपणाने विचारा.

मत्तय ५ मधलं ते वचन मागे-पुढे वाचलं तर दिसतं की येशू रागाबद्दल बोलतोय. भावावर रागावणं, त्याला मूर्ख म्हणणं, आणि मग वेदीची गोष्ट. तो जायला सांगतो. भावाने तुमचं ऐकलंच पाहिजे असं सांगत नाही, आणि भाऊ मागेल ते द्या असंही सांगत नाही. भावाच्या मनातली तक्रार न्याय्य असेल तर तिचं परिमार्जन करायचं. न्याय्य नसेल तरी त्याच्या दारी जाऊन ती ऐकायची. जाणं आपल्या हातात आहे. पौल रोमकरांस तेच लिहितो: शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सगळ्यांशी शांतीने राहा. तुमच्याकडून होईल तितकं, ही मर्यादा त्याने स्वतः घालून दिली आहे.

तुमच्या मनात भावांविषयी वैर नाही, हे तुमच्या प्रत्येक ओळीतून दिसतं. त्यांच्या घरी जेवायचंय म्हणता. मग सही केली नाही एवढ्यावरून प्रभूच्या मेजापासून स्वतःला दूर ठेवू नका. उलट तिथून बळ घ्या आणि मग जा.

जायचं कसं, हे मत्तय १८ मध्ये आहे. आधी एकट्याने भावाशी बोला, मग एक-दोघांना बरोबर घ्या, मग मंडळी. बारशात पन्नास माणसांसमोर नव्हे.

पाखरू_निनावी

हे पटलं. मी आधी घाईत लिहिलं होतं. तुमच्यासाठी तेर्स म्हणेन, ताई.

किनाऱ्यावरची

सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगते.

फादरांना भेटले. त्यांनी कम्युनियन घ्यायला सांगितलं आणि वसईच्या ताई म्हणतात तेच सांगितलं, की आता जा. मी दादाकडे गेले, एकटी. दुपारी, तो बागेतून आला तेव्हा. पायरीवर बसून हातावरचा डिंक रॉकेलने पुसत होता. आंब्याचा चीक उडून मनगटाची कातडी जळलेली, काळे डाग. गडगाभाऊ, तुम्ही हात बघायला सांगितलंत ते त्या क्षणी आठवलं. मी कागदाचं काही काढलं नाही. तुझ्या मनात माझ्याविरुद्ध काय आहे ते सांग, एवढंच विचारलं. तो बराच वेळ बोलला. बाबांच्या शेवटच्या वर्षाचं, फवारणीच्या कर्जाचं. मला यातलं बरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धाकट्याकडे. त्याचं वेगळंच. त्याला वाटतं की आपण मुंबईहून पाठवलेला पैसा घराच्या कौलांत गेला आणि ते कोणी धरतच नाही.

दोघांनाही मी एकच सांगितलं. सही मी कोणाच्याच नावे करणार नाही. वारसनोंद तिघांच्या नावाने होईल. बागेत आणि घरात ज्याने जे घातलं त्याचा हिशेब आधी, वेगळा. मग वाटणी. माझ्या हिश्शाचं काय करायचं ते मी नंतर ठरवीन, आणि पणतीताईंसारखं ठरवलं तर ते माझ्या मनाने.

दादा गप्प राहिला. धाकटा चिडला, पण हिशेब हवा म्हणाला. ईस्टरनंतरच्या रविवारी मिस्सा झाल्यावर बसायचं ठरलंय. बाबांचे एक जुने मित्र, निवृत्त शिक्षक, मध्यस्थ म्हणून बसायला तयार आहेत. पौलाचा तो एक शहाणा माणूस आमच्या वाडीत निघाला.

आता दोन व्यावहारिक प्रश्न. मोजणी पावसाआधी होईल का? आणि राबल्याचा हिशेब करायचा तरी कसा? यावर आमचं घोडं अडणार हे नक्की.

दस्तऐवज

भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे मोजणीचा अर्ज आत्ताच द्या. पावसात भातजमिनीत मोजणी होत नाही आणि उतारावर रान माजलं की खुणा दिसत नाहीत. तातडीच्या मोजणीची फी जास्त असते, पण घाई असेल तर ती भरा. मोजणीच्या दिवशी तिघंही हजर राहा, शेजारच्या हिस्सेदारांना नोटीस जाते, त्यांच्याशीही आधी बोलून ठेवा. बैठकीत ठरेल ते साध्या कागदावर का होईना, पण तिघांच्या सहीने लिहून घ्या. नंतर त्यावरून पक्का दस्त करता येईल.

गडगा

हिशेबाचं मी सांगतो, आमच्याकडे झालाय.

कलमं दोन प्रकारची धरा. वडिलांनी लावलेली आणि दादाने स्वतः लावलेली. वडिलांच्या कलमांचं उत्पन्न सामायिक, त्यातून दरवर्षीचा खर्च वजा: खत, फवारणी, राखण, पेट्या, वाहतूक. पावत्या असतील त्या, नसतील तिथे शेजारच्या बागायतदाराला विचारून एक दर धरायचा. दादाच्या स्वतःच्या मजुरीला गावात चालतो तो रोजगार लावा, कमी नको, जास्त नको. त्याने लावलेली कलमं वाटणीत शक्यतो त्याच्याच तुकड्यात जातील अशी रेघ काढा. धाकट्याच्या कौलांचा पैसाही याच वहीत, बँकेच्या नोंदी काढायला सांगा त्याला. आई-वडिलांच्या आजारपणातला औषधांचा खर्च धरा, पण सेवेचा पैसा धरू नका. दादाला ते आवडणार नाही असं वाटेल, पण विचारून बघा, तोच नको म्हणेल.

आमच्या वहीच्या पानांचे फोटो आज रात्री तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवतो. नावं झाकून.